धर्माचा अभ्यास कुठे करायचा?



मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी भेटायला थांबली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असावी. म्हणाली, "सर, मला धर्माचा अभ्यास करायचाय. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, छान, आता रोज हरिपाठ म्हणत जा. भाऊ म्हणाला, म्हणजे तू आता कुठल्या तरी पक्षात जाणार. मैत्रिणी म्हणतात, पोट कसं भरणार? तर सर, असा अभ्यास असतो कुठे? आणि तिथे करतात काय?"

तिला उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही. आजी, भाऊ आणि मैत्रिणी, तिघांचीही शंका खरी आहे. तिला धड उत्तर द्यायचं तर विद्यापीठांत हा विषय आला कसा, कुणी आणला आणि आपल्याकडे त्याचं काय झालं, हे सांगावं लागतं. तेवढंच आज करू या.

सुरुवातीला एक फरक पक्का करून ठेवू. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माचा अभ्यास करणं वेगळं. आजी नातवंडांना शुभंकरोति शिकवते, मदरशात कुराणाचं पठण शिकवतात, चर्चमध्ये रविवारी मुलांना येशूच्या गोष्टी सांगतात. हे झालं धर्मशिक्षण. ते घराचं आणि समाजाचं काम आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण हीच प्रार्थना कधीपासून म्हटली जाते, कोण म्हणतं, कोणाला म्हणू दिली जात नव्हती, शेजारच्या धर्मात तिच्यासारखं काय आहे, असं विचारायला लागलो की आपण दुसऱ्या खोलीत येतो. तो धर्माभ्यास. इथे श्रद्धा दाराबाहेर ठेवायची सक्ती नाही. अट एकच आहे. जो प्रश्न दुसऱ्याच्या धर्माला विचाराल, तोच आपल्यालाही विचारायचा.

ऐकायला सोपं वाटतं. विद्यापीठांना हे जमायला फार वेळ लागला, आणि सुरुवात तर उलट्याच हेतूने झाली.

ऑक्सफर्डला संस्कृतचं बोडेन अध्यासन होतं. कर्नल बोडेन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यासाठी पैसे ठेवले, ते हिंदुस्थानातल्या लोकांना ख्रिस्ती करण्याच्या कामी संस्कृतचा उपयोग व्हावा म्हणून. १८६० मध्ये त्या जागेसाठी निवडणूक झाली. एका बाजूला मोनियर विल्यम्स, दुसऱ्या बाजूला ऋग्वेदाचा संपादक मॅक्स म्युलर. म्युलर हरला. तो जन्माने जर्मन होता आणि त्याची ख्रिस्ती निष्ठा पुरेशी कडक नाही असा अनेकांना संशय होता. या दोन्ही गोष्टी त्याच्या विरोधात गेल्या.

याच म्युलरने १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धर्माच्या शास्त्रावर व्याख्यानं दिली. त्याचा मुद्दा असा की भाषांचा अभ्यास तुलनेने पुढे गेला, तसाच धर्माचाही जाईल. ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला तोही पुरता कळलेला नसतो. पुढे १८७९ पासून त्याच्या संपादनाखाली पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची इंग्रजी माला निघाली. त्यातला भगवद्गीतेचा अनुवाद आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा आहे, १८८२ चा. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणारा माणूस ऑक्सफर्डच्या मालेत लिहीत होता. हा विषय परक्यांनी आपल्यावर लादला असं जे सरसकट म्हटलं जातं, ते त्यामुळे मला अर्धवट वाटतं. त्यात सत्ता होती, धर्मप्रसाराचा हेतू होता, हे खरंच. पण आपली माणसंही पहिल्यापासून त्या टेबलावर बसलेली होती.

विद्यापीठात मात्र या विषयाला स्वतःची खुर्ची मिळाली ती एका कायद्यामुळे. हॉलंडमध्ये १८७६ साली उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला. सरकारी विद्यापीठांतल्या ईश्वरशास्त्राच्या शाखेतून चर्चचे सिद्धांत शिकवणं काढून चर्चकडे सोपवलं आणि धर्मांचा इतिहास हा विषय आत घेतला. पुढच्याच वर्षी लायडनला कॉर्नेलिस टीले त्याचे प्राध्यापक झाले. १८८० मध्ये पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये असंच अध्यासन झालं. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने १९०४ मध्ये तौलनिक धर्माचं अध्यासन काढलं आणि पाली पंडित ऱ्हीस डेव्हिड्स तिथे आले. म्हणजे बघा, सरकारी पैशाने एक पंथ शिकवायचा नाही आणि तरीही माणसाच्या जगण्यातली एवढी मोठी गोष्ट वर्गाबाहेर ठेवायची नाही, या पेचातून हा विभाग जन्माला आला. हाच पेच पुढे आपल्या राज्यघटनेपुढेही उभा राहिला. त्याकडे येतोच. त्याआधी आपल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे.

विठ्ठल रामजी शिंदे. जन्म जमखंडीचा, १८७३ चा, घर वारकरी. १८९८ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. कायद्याचा अभ्यास सुरू केला होता, तो सोडला आणि प्रार्थना समाजाकडे वळले. १९०१ मध्ये युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली, प्रवासासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत झाली, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते तौलनिक धर्म शिकायला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले.

ऑक्सफर्डमधल्या कॉलेजाचं नाव मँचेस्टर कसं, असं तुम्ही विचाराल. हे कॉलेज १७८६ मध्ये मँचेस्टर शहरातच निघालं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चची मतं मान्य नसलेल्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे तेव्हा बंद होते, म्हणून त्यांनी आपली शाळा वेगळी काढली. १८७१ च्या कायद्याने धर्ममताची ती अट उठली आणि १८८९ मध्ये कॉलेज ऑक्सफर्डला आलं. म्हणजे शिंदे ज्या वर्गात बसले तो वर्गच मुळी बाहेर ठेवलेल्या माणसांनी उभा केलेला होता. हे मला महत्त्वाचं वाटतं.

तिथे प्राचार्य होते जेम्स ड्रमंड, आणि तौलनिक धर्म शिकवायला एस्टलिन कार्पेंटर. कार्पेंटर म्हणजे ऱ्हीस डेव्हिड्सांबरोबर दीघनिकायाचं संपादन करणारा विद्वान. ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणाऱ्या कॉलेजात बुद्धाची वचनं पालीतून वाचणारा शिक्षक आणि त्याच्यासमोर बसलेला वारकऱ्याच्या घरातला मराठा तरुण. धर्माभ्यासाचा वर्ग कसा असतो असं कुणी विचारलं तर मी हेच चित्र सांगतो. शिंदे तिथून मुंबईच्या 'सुबोध पत्रिके'ला पत्रं लिहीत. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला उदार धर्माच्या परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्याच वर्षी परतले.

परत येऊन त्यांनी काय केलं? प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ ला मुंबईत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावानेही आपण ती ओळखतो. अस्पृश्य मुलांसाठी शाळा, वसतिगृहं, उद्योगशिक्षण. त्यांची बहीण जनाक्काही या कामात उतरली. पुढे १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हे पुस्तक आलं. त्यात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध आहे आणि त्यासाठी त्यांनी ग्रंथ पाहिले, भाषेतले शब्द तपासले आणि वस्त्यावस्त्यांतून हिंडून मिळवलेली माहिती वापरली.

आता इथे आपण सावध राहू. ऑक्सफर्डला गेले म्हणून शिंदे अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. ती कळकळ आधीची आणि घरची होती. फुल्यांचं काम त्यांच्या आधीचं आहे. ऑक्सफर्डने दिली ती रीत. श्रद्धेचा प्रश्न इतिहासाच्या अंगाने विचारायचा, ग्रंथ वाचायचा तसा माणसांचा व्यवहारही वाचायचा. ती रीत दुसऱ्या धर्मांवर वापरून झाल्यावर त्यांनी ती आपल्या धर्माकडे वळवली, आणि देवळाबाहेर उभं केलेल्या माणसापाशी येऊन ते थांबले. मघाशी जी अट सांगितली, ती शिंद्यांनी आयुष्यभर पाळली. त्याची किंमतही मोजली. सनातन्यांना ते नकोसे झाले, आणि ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यातल्याही अनेकांनी पुढे त्यांच्याकडे पाठ फिरवली.

मग आपल्याकडे असा विभाग का उभा राहिला नाही? प्रयत्न झाले. सयाजीराव महाराजांना हा विषय मनापासून हवा होता. बडोदा कॉलेजात तत्त्वज्ञानाबरोबर तौलनिक धर्म शिकवायला त्यांनी आल्बन विजरी यांना आणलं. विजरींचं तौलनिक धर्माभ्यासावरचं पुस्तक १९२२ मध्ये बडोद्यालाच निघालं. पण आपल्याकडे हे काम मुख्यतः माणसांच्या बळावर झालं, विभागांच्या नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा वैष्णव आणि शैव पंथांवरचा ग्रंथ १९१३ चा, तोही जर्मनांच्या ताब्यातल्या स्ट्रासबर्गला छापलेला. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या खेड्यातून बुद्धाच्या शोधात निघाले, श्रीलंकेत भिक्षू झाले, पुढे हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाला गेले आणि फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत पुरा केला. ही डोंगराएवढी माणसं. पण डोंगर एकेकटे उभे असतात. विभाग असता तर काण्यांच्या शेजारच्या खोलीत सूफींचा अभ्यासक बसला असता, पलीकडे महानुभावांच्या पोथ्या वाचणारा कुणी, आणि चहाच्या वेळी तिघांचं भांडण झालं असतं. विद्या त्या भांडणातून पुढे जाते.

स्वातंत्र्य आलं आणि हॉलंडचाच पेच आपल्यापुढे आला. घटनेचं कलम २८ सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. याच सुमारास, १९४८-४९ मध्ये, विद्यापीठ शिक्षण आयोग बसला होता. अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन, जे १९३६ पासून ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. आयोगाने सुचवलं की पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवावेत. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण हा भेद स्पष्ट मांडला.

न्यायालयानेही तो भेद मान्य केला. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास व्हावा अशी तरतूद होती. तिला आव्हान दिलं गेलं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या संताच्या विचारांचा विद्याशाखीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या एका खटल्यातही धर्मांविषयी माहिती देणं घटनेला धरून आहे असाच निकाल लागला. तेव्हा "घटनेत बसत नाही" हे कारण कुणी सांगितलं, तर ते कारण नाही, निमित्त आहे.

आणि ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ मध्ये गुरू गोविंदसिंगांच्या नावाने धर्माभ्यासाचा विभाग निघाला. गुरूंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने. निमित्त एका धर्माचं, पण आखणी पाच धर्मांची: हिंदू, बौद्ध-जैन, इस्लाम, ख्रिस्ती आणि शीख. हे घडवण्यात पुढाकार हरबन्ससिंगांचा. विभागाचं संशोधनपत्र निघालं, चर्चासत्रं होऊ लागली, आणि हरबन्ससिंगांच्या संपादनाखाली १९९२ पासून शीख धर्माचा चार खंडांचा इंग्रजी विश्वकोश प्रसिद्ध झाला. फाळणीत धर्मावरून ज्या पंजाबची चिरफाड झाली, त्याच पंजाबात वीस वर्षांनी पाच धर्मांना एका छताखाली आणलं गेलं. जखम जिथे खोल, तिथे या अभ्यासाची गरज जास्त, हे त्यांना कळलं होतं.

योगायोग असा की त्याच १९६७ साली इंग्लंडमध्ये लँकेस्टरला निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग सुरू केला. स्मार्ट यांनी धर्माकडे बघायची काही अंगं सांगितली, आधी सहा, नंतर सातवं: विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज आणि वस्तुरूप. विभागात प्रत्यक्ष काय करतात हे समजायला ही यादी बरी पडते. आपली पंढरीची वारी घ्या. टाळ, माळ, रिंगण, एकादशी हा विधी. पुंडलिकाची विट ही कथा. कळस दिसल्यावर डोळ्यांत पाणी येतं तो अनुभव. ज्ञानदेवांचा अद्वैत विचार हे तत्त्व. माळ घातली की मांस-मद्य सोडायचं ही नीती. दिंड्यांचा क्रम, मानकरी, कोण कुणाच्या पंक्तीला जेवतं हा समाज. आणि पालखी, पताका, चंद्रभागेचं वाळवंट हे वस्तुरूप. आता याच वारीला समाजाच्या अंगाने एक प्रश्न विचारा: पंढरपूरचं देऊळ दलितांना कधी उघडं झालं? त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. ज्या वाटेवर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्या वाटेच्या शेवटी शतकानुशतकं एक दार बंद होतं. पाया पडणं खरं आहे आणि बंद दारही खरं आहे. दोन्ही एका वहीत लिहायला शिकवणं, एवढंच या विभागाचं काम.

एक घरचा अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मी तौलनिक धर्मावर एक पेपर सुचवला होता. एक सदस्य म्हणाले, "आपला आधी शिकवा, मग दुसऱ्यांचे." दुसरे म्हणाले, "एकविसाव्या शतकाच्या तोंडावर धर्म कशाला?" पहिले श्रद्धाळू, दुसरे पुरोगामी. आयुष्यात ज्यांचं कधी पटलं नाही ते दोघे त्या दिवशी एकमताने माझ्या विरोधात गेले. पेपर बारगळला. चूक माझीही होती. मी जास्त भांडलो नाही. रिटायर व्हायला वेळ होता, पुन्हा मांडू म्हटलं, आणि राहून गेलं. शिंद्यांवर बोलताना ते टोचतं.

असो. तर त्या मुलीला उत्तर.

महाराष्ट्रात हा अभ्यास विखुरलेला आहे. तत्त्वज्ञानाच्या विभागात थोडा, पालीच्या विभागात थोडा, संस्कृत, मराठी, इतिहास, समाजशास्त्रात थोडा थोडा. यातलं एक दार निवड आणि आत शिर. पहिलं काम भाषा. तुझ्या प्रश्नाला लागणारी एक जुनी भाषा, पाली, संस्कृत, फारसी, जुनी मराठी, कुठलीही. तीन वर्षं तिला दे. दुसरं काम पायांचं. उरूस, जत्रा, पर्युषण, बौद्ध विहारातली वंदना, मतमाउलीची जत्रा, जिथे जाशील तिथे आधी ऐक, मग विचार, आणि लोकांनी विश्वासाने सांगितलेलं जपून लिही. तिसरं काम, आपल्या धर्माचा नसलेला एक तरी अभ्यासक मित्र जोड. तो तुझं लिखाण वाचेल आणि तू त्याचं.

पोटाचं म्हणशील तर खोटं सांगत नाही, वाट रुंद नाही. अध्यापनाच्या जागा कमी आहेत. पण पोथ्या-हस्तलिखितांची संग्रहालयं आहेत, कोशांची कामं आहेत, अनुवाद आहे, पत्रकारिता आहे, सामाजिक संस्था आहेत. परदेशी विद्यापीठांत भारतीय धर्मांवर काम करणाऱ्यांना मराठी येणारी माणसं लागतात, कारण संतवाङ्मय आणि चळवळींची कागदपत्रं मराठीत आहेत. हे भांडवल तुझ्याकडे जन्मतः आहे, त्याची किंमत ओळख.

आजीला सांग, हरिपाठ म्हणीन, आणि तो कुणी कुणी म्हटला तेही शोधीन. भावाला सांग, पक्षात जायचं तर त्यासाठी एवढं शिकावं लागत नाही. आणि शिकून झालं की परत ये. शिंदे ऑक्सफर्डहून परत आले तेव्हा पदवीपेक्षा मोठी गोष्ट बरोबर होती. आपल्याच गावाकडे त्यांना नव्याने बघता येत होतं. तू परत आलीस आणि तुझ्या गल्लीतलं एखादं बंद दार तुला दिसलं, तर तुझा अभ्यास झाला असं मी समजेन.

थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.